ज्याच्या जिवाला घोर नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी अक्काचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. अक्का माझी थोरली बहीण. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती पायरी मी कोणाच्या खांद्यावर पाय देऊन चढलो हे मला पक्कं ठाऊक आहे.

आमचं गाव हट्ट्याकडचं. आईवडील दोघंही लोकांच्या हळदीच्या शेतात कामाला जायचे. अक्का सातवी झाली आणि शाळेतून घरी बसली. घरी बसली असं आपण म्हणतो. खरं म्हणजे त्या दिवसापासून ती बसलीच नाही. दिवसभर राबून झालं की मी चिमणीच्या उजेडात वाचायचो तेव्हा माझ्याशेजारी यायची. आमच्या घराच्या भिंती म्हणजे तुराट्यांचा कूड होता. वाचता वाचता मला डुलकी लागली आणि चिमणी कलंडली तर सगळं पेटून जाईल, ही तिची भीती. "तू वाच. मी हाय जागी," असं म्हणून ती वाकळ शिवत बसायची. माझी दहावी तशी झाली, बारावीही तशीच. पुढं मी बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं, आणि आता हिंगोलीत एका शाळेत विज्ञान शिकवतो.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं मी रागानं लिहिणार आहे. राग कशाचा ते कळायचं तर अक्का कोण हे माहीत असलं पाहिजे.

राग घोरण्यावरचा आहे. म्हणजे घोरण्यावर नाही, घोरणाऱ्याला हसण्यावर.

आपल्याकडे घोरणं हे दुखणं आहे असं कोणालाच वाटत नाही. ते सुखाचं लक्षण मानतात. अक्काचं सासर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला. तिचे सासरे हयात होते तेव्हा दुपारी ओसरीत बाजेवर पडायचे आणि असे घोरायचे की वरच्या पत्र्यावरच्या चिमण्या उडून जायच्या. घरातल्या बायका पोरांना दामटायच्या, "हळू बोला रे, दमून आलेत." त्यांच्या घोरण्याला मान होता. अक्काच्या सासूचा तर शब्दच ठरलेला: "ज्याच्या जिवाला घोर न्हाई, त्योच घोरतो." माणूस निश्चिंत आहे, पोटभर जेवला आहे, घरातलं सगळं बराबर चाललं आहे, असा त्याचा अर्थ.

हेच वाक्य त्या सुनेबद्दल बोलल्या की त्याचा अर्थ फिरायचा. शब्द तेच, फक्त सूर वेगळा. "ज्याच्या जिवाला घोर न्हाई त्योच घोरतो, बाई!" म्हणजे काय, तर हिला कशाची काळजी नाही, ही सुस्त आहे, हिनं घराकडे पाठ फिरवली आहे. बाप्या घोरला तर दमला, आणि बाई घोरली तर माजली. हा न्याय कोणी केला ते मला माहीत नाही, पण तो घरोघरी चालतो. बाईनं सगळ्यांच्या नंतर झोपावं, सगळ्यांच्या आधी उठावं, आणि मधल्या वेळात झोपली तर निदान आवाज करू नये.

आणि कोणाच्या जिवाला घोर नाही म्हणे? अक्काच्या? सासऱ्यांचं शेवटचं दुखणं तिनं काढलं. दोन्ही पोरींची शिक्षणं तिनं मागं लागून केली. गावातल्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते, तिथून आली की शेतात जाते. त्या घरातल्या सगळ्यांचा मिळून जेवढा घोर असेल तेवढा तिच्या एकटीच्या जिवाला आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मामाच्या मुलीचा मंगल परिणय औंढ्याला झाला. सगळं गणगोत जमलं होतं. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि ऊन इतकं होतं की बायका कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत कूलरसमोर गाद्या टाकून पडल्या. मी बाहेर मांडवात पाण्याचे जार उतरवून घेत होतो. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. आमच्या नातेवाइकांचा एक ग्रुप आहे, त्यावर व्हिडिओ आला होता.

व्हिडिओत अक्का झोपलेली. उताणी, तोंड उघडं, नव्या साडीचा पदर छातीवर. ती घोरत होती, आणि मोबाईल धरणाऱ्या बाईचं हसू त्यात आधीपासूनच भरलेलं होतं. आवाज ओळखीचे: अक्काची जाऊ, आमची एक चुलत वहिनी, आणखी दोघी-तिघी.

"ऐका, ऐका, डिझेल इंजिन चालू हाय!"

"पाच हॉर्सपॉवरचं दिसून राहिलं!"

मग घोरणं एकदम थांबलं.

"अगं थांब, बंद पडलं."

"डिझेल संपलं जणू."

"हांडल मारा ना कुनी तरी!"

सगळ्या तोंड दाबून हसत होत्या. अक्काचं पोट हलत होतं, पण आवाज नव्हता. मग मोठ्ठा हुंदका दिल्यासारखा श्वास आत गेला, डोकं झटक्यानं वर आलं, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

"आलं! आलं! उचललं बाई एकदाचं!"

आणि खोलीभर हशा.

ग्रुपवर हसणारे पिवळे चेहरे पावसासारखे पडत होते. अक्काकडे साधा बटणाचा मोबाईल, त्यामुळे त्या ग्रुपवर सगळं गणगोत होतं, फक्त जिचा व्हिडिओ होता तीच नव्हती. ती उठल्यावर तिच्या जावेनंच तिला तो दाखवला, हसत हसत, "बघा तुमचं इंजिन." मी खोलीच्या दारात पोचलो तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून हसण्याचा प्रयत्न करत होती. "उन्हानं जरा डोळा लागला," एवढंच बोलली. त्यानंतर नवरी वाटेला लावेपर्यंत ती प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून राहिली. पाठ टेकवली नाही. डोळे मिटायला लागले की चेहऱ्यावरून ओला हात फिरवायची.

तिला तसं बसलेलं बघितलं आणि माझ्या डोक्यात एक जुना हिशोब सुटला. अक्का माझ्याकडे हिंगोलीला येते, पण कधी मुक्काम करत नाही. कितीही आग्रह करा, शेवटच्या गाडीनं परत. मला वाटायचं तिला संसाराची ओढ. बायकोला वाटायचं आमचं घर तिला परकं वाटतं. तसं काहीच नव्हतं. तिला आमच्या घरात झोपायची लाज वाटत होती.

घरी आल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. ज्याच्यावर माझा राग होता तो पुन्हा बघायची इच्छा नव्हती, पण त्यातली एक गोष्ट मला टोचत होती. मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. सगळ्यात मोठा हशा कुठं होता? घोरण्यावर नव्हता. घोरणं बंद पडत होतं तिथं होता. 'हांडल मारा' तिथं. मी सातवीच्या पोरांना श्वसनसंस्था शिकवतो, फळ्यावर नाक, घसा, श्वासनलिका, फुप्फुसं काढून दाखवतो. पोट हलतंय आणि नाकातोंडातून आवाज नाही, म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू आहे आणि हवा आत जात नाही, एवढं तरी मला कळायला पाहिजे होतं. माणसाचा श्वास अडकला होता, आणि सगळं गणगोत त्यावर हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. पेशंट कोण विचारलं तर म्हणालो, पेशंट आलेली नाही, तिचा आवाज आणलाय. डॉक्टरांनी व्हिडिओ लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. हसले असते तर मी उठून गेलो असतो. ते हसले नाहीत. 'हांडल मारा' आलं तसं त्यांनी मागं घेऊन पुन्हा ऐकलं.

"दिवसा झोप येते का यांना? बसल्या बसल्या?"

"शाळेत चुलीपुढं डोळा लागला होता. खिचडी बुडाला लागली."

"सकाळी डोकं दुखतं?"

मी मान डोलावली. अक्काचं डोकं रोज सकाळी दुखतं. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे, जसं एखाद्याचा पाय जन्मापासून अधू असतो तसं. किती तरी वर्षं ती तालुक्याच्या एका दवाखान्यातून त्यासाठी गोळ्या आणते. तिथं तिचं रक्त तपासलं, डोळे तपासले, मानेचा फोटो काढला. 'बाई, तुम्हाला झोप कशी लागते?' हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. आणि विचारलं असतं तरी तिनं 'मी घोरते' असं सांगितलं नसतं, कारण बाई असं सांगत नाही. एकानं विचारलं नाही आणि दुसरीनं सांगितलं नाही, मधल्या मध्ये डोकं दुखत राहिलं.

"पण ती जाड नाही, डॉक्टर," मी म्हणालो. "वाळक्या अंगाची आहे. घोरतात ती जाड माणसं ना?"

"तेवढंच नसतं. फोटो आहे का?"

लग्नातला फोटो दाखवला. त्यांनी तिच्या हनुवटीवर बोट ठेवलं. आमच्या आईची हनुवटी तशीच आहे, लहान आणि मागं गेलेली. मला ती कायम नाजूक वाटत आली.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी वर्गातल्या पोरासारखं ऐकलं. जागेपणी घशातलं मांस ताठ असतं. झोप लागली की ते सैल पडतं, जीभ मागं सरकते, हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जोरानं जाते आणि ते सैल मांस, ती पडजीभ फडफडते. तो फडफडण्याचा आवाज म्हणजे घोरणं. सर्दी झाली, उताणं झोपलं, दारू प्यायली, मानेभोवती चरबी वाढली, घशातल्या गाठी सुजल्या, जबडा लहान असला, वय वाढलं, बाईची पाळी गेली, अशा कशानंही वाट आणखी अरुंद होते. घोरणारा प्रत्येक माणूस आजारी असतो असं नाही. पण काहींची वाट नुसती अरुंद होत नाही, चिकटून बंदच होते. मग श्वास अडतो, शरीर घाबरून त्या माणसाला अर्धवट जागं करतं, वाट उघडते, आणि तो हुंदका येतो. सकाळी त्यातलं त्याला काही आठवत नाही.

"हे आवाजावरून मी नक्की सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "झोपेची तपासणी करावी लागेल. नांदेडला होते. पण टाळू नका. हे असंच राहिलं तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो."

"म्हणजे ती इतकी वर्षं झोपलीच नाही?"

"झोपते. झोप पुरी होत नाही."

मी बाहेर येऊन गाडीला किल्ली लावली आणि तसाच उभा राहिलो. झोपाळू. हा शब्द त्या बाईला चिकटवला होता. खिचडी लागली त्या दिवशी शाळा समितीतल्या एका माणसानं पोरांसमोर तिला सुनावलं होतं, "झोपायचं आसल तर घरी झोपा की बाई, दुसरी बघू आमी." जी पुरी झोपतच नाही तिला हे लोक झोपाळू म्हणत होते.

रविवारी मी तिच्या गावी गेलो. दाजी बाजेवर बसले होते, सासूबाई दाराशी तूर निवडत होत्या, अक्का चूल पेटवत होती.

"या पाव्हणे, मधीच कसं काय? शाळेला सुट्टी लागली काय?"

मी सांगितलं, अक्काला नांदेडला न्यायचंय. झोपेच्या तपासणीला.

दाजी मोठ्यानं हसले. "झोपेची तपासणी? अवो, तिला झोपेची काय कमी हाय? पडली की इंजिन चालू. तपासणी करायची तर माझी करा, तिच्या आवाजानं झोप माझी मोडून राहिली."

"आन् तिला काय झालंय?" सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "ज्याच्या जिवाला घोर न्हाई..."

"त्योच घोरतो," मी म्हणालो. "ऐकलंय. आता माझं ऐका."

मी डॉक्टरांसारखंच सांगायला लागलो. घसा, जीभ, पडजीभ. दाजींच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मी विचारलं, "दाजी, खरं सांगा. घोरता घोरता तिचा आवाज मधीच बंद पडतो का?"

"पडतो की. रोजच पडतो."

"मग तुमी काय करता?"

"काय करतो? बरं वाटतं. म्हणतो, चला, आता शांत झोपली. आन् कूस बदलतो."

मला त्यांचा राग आला नाही असं नाही. पण ते खोटं बोलत नव्हते. बायकोचा श्वास अडकायचा त्या क्षणाला या माणसाला शांतता वाटायची, आणि ती शांतता तो आपल्यासाठी वापरून घ्यायचा. आपल्यातला कोण वेगळं करतो? शेजारच्याचं घोरणं थांबलं की आपण सगळेच हुश्श करतो.

"त्या वेळी ती शांत झोपलेली नसते, दाजी. त्या वेळी तिला हवा मिळत नसते. ती आत ओढते, पण घसा आतल्या आत चिकटतो."

दाजी बाजेवर पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "म्हंजे सक्शन चिपकून राहिला म्हणा की."

"म्हणजे?"

"विहिरीवरून पाणी सोडायला मऊ पाईप चालतो. पण आत वढायला कडकच पाईप लागतो. मऊ घातला की तो चिपकतो, पाणी येत न्हाई, आन् इंजिन उगं रेटत राहतं." त्यांनी अक्काकडे बघितलं. "तसं व्हतं व्हय हिला?"

"तसंच. इंजिनात काही दोष नाही, दाजी. इंजिन रेटूनच थकलंय."

मला वाटलं, जिंकलो. दाजी उठून आत-बाहेर करायला लागले होते. सासूबाईंचं सूप थांबलं होतं. पण चुलीपुढून अक्का उठली आणि तिनं मला विचारलं, "डॉक्टरला कसं कळलं म्या कशी घोरते?"

"व्हिडिओ दाखवला."

तिचा चेहरा बघून मला कळलं की मी काय बोललो.

"परक्या माणसाला? माझं तोंड उघडं आसलेला?" ती हळू बोलत होती, त्याचाच जास्त त्रास झाला. "जावंनं दाखवला तवा मला वाटलं, लोकं हायत, दाखवतात. तू काहून दाखवला रे? मंग तू बी त्यायच्यातलाच की."

"अक्का, हसायला नाही दाखवला."

"म्या काय नांदेडला जाऊन परक्या लोकायपुढं झोपू? तिथं बी यंत्रं लावून ऐकतेत ना? न्हाई. मला काय झालं न्हाई. तू जेवून जा."

मी जेवलो नाही, आणि तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. दाजी मला रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मी बोलून बघतो." पण मला माहीत होतं, दाजींच्या बोलण्यानं तिचं मन वळणार नव्हतं. ज्यांनी इतकी वर्षं इंजिन म्हटलं त्यांनी आता दवाखाना म्हटलं तर ते तिला नव्या चेष्टेसारखंच ऐकू येणार.

फोनवर समजावता आलं नसतं. तिच्या मोबाईलचा कानाचा स्पीकर गेलेला आहे, तो कायम मोठ्या आवाजावर असतो. मी बोललो की ओसरीतली सगळी ऐकतात. म्हणून मी पत्र लिहिलं आणि ती जिथं खिचडी शिजवते त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. तिथं ओसरी नाही, सासू नाही, जाऊ नाही, आणि मुख्याध्यापिका बाई भल्या आहेत, पाकीट न फोडता तिच्या हातात देतील याची खात्री होती.

पत्राला उत्तर आलं नाही. एक फोन आला, शाळेतल्या बाईंच्या मोबाईलवरून. अक्कानं एवढंच विचारलं, "तिथं गाऊन चालतो का लुगडंच पायजे?"

ती आली. तपासणीत डॉक्टरांना वाटलं होतं तेच निघालं. आता ती नाकावर मास्क लावून झोपते. छोटं मशीन हवेचा हलका दाब देतं, त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. सुरुवातीला तिला गुदमरल्यासारखं झालं, दोनदा तिनं ते काढून फेकलं, मग सवय झाली. हवा ओलसर राहावी म्हणून त्या मशीनला पाणी लागतं, ते रोज दाजी भरतात. सकाळचं डोकं दुखणं गेलं. शाळेत पुन्हा खिचडी लागलेली नाही.

पण माझा राग गेलेला नाही. तो व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाईलात आहे. ग्रुपवर मी सगळं समजावून लिहिलं तेव्हा दोघांनी अंगठा दाखवला, आणि तिसऱ्यानं दुसऱ्या कोणाचा तरी घोरतानाचा व्हिडिओ टाकला. खाली पुन्हा तेच पिवळे चेहरे. तो माणूस कोण आहे मला माहीत नाही. पण त्याचाही आवाज मधेच बंद पडत होता.

अक्काला पाठवलेलं पत्र तिनं परत माझ्याकडे ठेवायला दिलं, घरात पोरींनी वाचू नये म्हणून. मग मी तिला विचारलं, छापू का? म्हणाली, "नाव टाकू नको म्हंजे झालं." म्हणून ते इथं तसंच देतो.

*

अक्का,

सप्रेम जयभीम.

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलंय, कारण हे फक्त तुझ्यासाठी आहे. खिचडी उतरवल्यावर वाच.

तू मला त्यायच्यातलाच म्हणालीस. ते मला लागलं. पण तुला न विचारता मी तो व्हिडिओ दाखवायला नको होता, एवढं तुझं खरं आहे. फक्त एक सांगतो. त्या खोलीत कोणी हसलं नाही. ज्या जागेवर औंढ्याला सगळी हसली, त्या जागेवर डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी ती जागा परत ऐकली. अक्का, तुझं दुखणं इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी नीट ऐकलं असेल तर ते त्यांनी.

घोरणं हे पाप नाही, आळस नाही, आणि माज तर नाहीच. घशाची वाट झोपेत बंद होते, एवढंच आहे. दाजींनी सांगितलं ना, मऊ पाईप चिपकतो, तसं. याच्यात लाज कशाची? आईकडून तुला हनुवटी मिळाली, तिच्याबरोबर हे मिळालं. माझी हनुवटी बापासारखी निघाली यात माझी काय हुशारी?

तुझ्या सासूबाई म्हणतात, ज्याच्या जिवाला घोर नाही तोच घोरतो. म्हातारं माणूस आहे, म्हणू दे. पण तू ते खरं मानू नको. तुझ्या जिवाला किती घोर होता आणि आहे, हे मी जवळून बघितलंय. मी आता वर्गात उभा राहतो तो त्या घोरावर उभा राहतो. आणि गेल्या रविवारपासून माझ्या जिवाला एकच घोर आहे, की तुझा श्वास अडकतो आणि शेजारी कोणाला कळत नाही.

आता तपासणीचं सांगतो, म्हणजे भ्यायला नको. नांदेडला दवाखान्यात एक खोली असते, एक कॉट, दार बंद. खोलीत फक्त सिस्टर येतात, बाईच असतात, मी विचारून घेतलंय. डोक्याला आणि छातीला बारीक तारा चिकटवतात, बोटाला एक चिमटा लावतात. सुई नाही. दुखत नाही. मग तू झोपायचं. बस, एवढंच काम. तू परक्या लोकांपुढं झोपायचं नाही म्हणालीस. अगं, तिथं घोरायलाच बोलवतात. आख्ख्या जिल्ह्यात घोरण्याला एवढी किंमत दुसरीकडं कुठं मिळणार नाही. तू लाजून जागी राहिलीस तर मात्र तपासणी वाया जाईल, आणि मला भीती त्याचीच आहे. तुझ्यासारखं जागं राहणं कोणाला जमत नाही. ते तू माझ्यासाठी शिकलीस.

म्हणून एक मागतो. एक रात्र जागू नको. मी दाराबाहेरच्या बाकड्यावर पुस्तक घेऊन बसणार आहे. तिथं ट्यूबलाईट आहे, चिमणी नाही, काही पेटणार नाही. मी वाचत बसतो, तू झोप.

बुधवारी सकाळी मी सेनगावच्या स्टँडवर येतो. दाजींना सांगितलंय, ते तुला तिथंवर आणून सोडतील. त्या दिवसाच्या खिचडीचं मुख्याध्यापिका बाईंशी बोललोय, त्यांची सोय झाली आहे. डोक्याला तेल लावून येऊ नको, तारा चिकटत नाहीत. उशी तुझी तू आण, तुला परक्या उशीवर चैन पडत नाही. पांघरूण आणू नको. तू शिवलेली वाकळ माझ्याकडे आहे, ती मी घेऊन येतो.

तुझा
धाकटा